किरण न लागलेली कुपी

माझं काम नाळा मागण्याचं होतं. कागदावर मी संशोधक विद्यार्थिनी होते, कराडजवळच्या एका प्रयोगशाळेत. पण आठवड्यातले दोन दिवस सांगलीच्या प्रसूतिगृहांत जायचे. तिथल्या बाकावर बसायचं आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या सासूला नाळेचा तुकडा मागायचा. ताकाला जाऊन भांडं लपवून चालत नसे. सरळ मागावं लागायचं आणि सरळ नकार ऐकावा लागायचा. आमच्या भागात वार आणि नाळ घरी नेऊन परसात पुरतात. बाळंतपण कितीही मोठ्या दवाखान्यात झालं तरी सासू ती स्टीलच्या डब्यात घालून गावी नेते. एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, "तुजं लगीन न्हाई झालं व्हय गं? म्हणून दुसऱ्याच्या नाळा मागत फिरतीस?" मी चिडले, आणि ते तिच्यासमोर दाखवताही येईना. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी तिला मनात शिव्या देत बसले.

नाळेतून एक मोठी शीर जाते. ती आतून धुऊन, औषध भरून थोडा वेळ ठेवली की अस्तराच्या पेशी सुटून हाती येतात. फ्लास्कमध्ये उबेला ठेवल्या की त्या तळाला चिकटतात आणि फरशी बसवावी तशा एकमेकींना लागून वाढतात. या पेशींच्या अंगावर साखरेच्या रेणूंची लव असते. ही चहात घालायची साखर नव्हे. रेणूला रेणू जोडून झालेल्या बारीक साखळ्या असतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावरून घसरत पुढे निघून जातात. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडतात तेव्हा आसपासच्या रक्तवाहिन्यांनाही ते लागतात आणि ही लव बिघडते. काही साखळ्या झडतात, काही अर्ध्याच तयार होतात, आतली साखर उघडी पडते. मग घसरून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथेच चिकटतात, सूज येते, आणि पुढे काही वर्षांनी ती वाहिनी अरुंद होऊ शकते.

हे मी पाठ म्हटल्यासारखं सांगते आहे, पण शिकले ते घरातल्या एका माणसामुळे. माझ्या वडिलांच्या छातीवर किरण दिले होते. गाठ गेली, आम्ही गावभर पेढे वाटले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हृदयाच्या वाहिन्या खराब झाल्या आणि ते गेले. किरणांमुळेच असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि नाहीच असंही कुणी म्हटलं नाही. मला ते "माहीत नाही" सहन झालं नाही. म्हणून मी या विषयात आले.

भाऊ फौजेत. त्याची बायको, माझी वहिनी, कवठे महांकाळची. तिची आई लहानपणीच वारलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याच घरी, कुंडलला ठरलं. वहिनींना सातवा महिना होता तेव्हा मी सलग तीन आठवडे रिकाम्या हाताने परत आले होते. त्यांनी मला जेवायला वाढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, माझी घ्या की."

"आई मला घरात घेईल का?"

"सासूबाईंना वार दिऊ. वारंला थोडी नाळ ठिऊ की. कोण मोजतंय?"

संमतीचा कागद चार पानांचा होता. बायका सही करायच्या, नाहीतर अंगठा उठवायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. वहिनी बारावी शिकलेल्या. त्यांनी चारही पानं बोट फिरवत वाचली. मी दोनदा म्हणाले, "करा की सही, वैनी." मला शेवटची एसटी गाठायची होती.

सांगलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. जावळ दाट, खांद्यांवर आणि कपाळावर बारीक लव. आई म्हणाली, कणकेचा गोळा फिरवला की महिन्यात जाईल. मी दीड वीत नाळ निर्जंतुक बाटलीत घेतली आणि सांगली ते कराड ती मांडीवर धरून आले. आईने वार डब्यात घालून कुंडलला नेली आणि गोठ्यामागे पुरली. तिला काही कळलं नाही.

पेशी छान लागल्या. चौथ्या दिवशी मी फ्लास्कचा फोटो मोबाइलवर पाठवला, तर वहिनींनी तो बाळासमोर धरून मला फोन केला. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "बग गं, आत्यानं तुजा फोटू काढलाय."

नवव्या दिवशी तिने दूध ओढायचं थांबवलं. दुपारी सांगलीला नेली. रक्तात जंतू पसरले होते. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. भाऊ दोन दिवसांनी पोचला, तोवर तिला आमच्या मळ्याच्या बांधाला पुरलं होतं. एवढ्या लहान लेकरांना जाळत नाहीत. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. आणलेला पाळणा शेजारणीने न बोलता उचलून तिच्या घरी नेला.

पंधरा दिवसांनी मी गावी गेले तेव्हा वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. आई बाहेर होती. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडची हाय का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "हाय," मी म्हणाले.

"जिती?"

"व्हय."

त्या उठल्या, चहा ठेवला आणि तो सगळा प्यायल्या. आई नंतर म्हणाली, इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा कप रिकामा केला.

मग त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. घरी सांगायच्या, कराडला दाखवायला जाते. मी मायक्रोस्कोप लावून द्यायचे. वहिनी एक डोळा मिटून बघायच्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "हिला भूक लागत आसंल की." मी त्यांना पेशींवरचा गुलाबी रस कसा बदलतात ते दाखवलं. पुढच्या खेपेला आल्याआल्या विचारलं, रस बदलला का. उबेच्या पेटीवर सदतीसचा आकडा दिसायचा. तो काय ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे अंगाएवढंच ऊन." मग त्या पेटीसमोर स्टुलावर तासभर बसायच्या. माझ्या गाइड मॅडम येता-जाता बघायच्या. एकदा पंखा वहिनींच्या बाजूला वळवून गेल्या.

पण अशा पेशी कायम वाढत नाहीत. ठराविक वेळा दुभंगतात, मग थकतात, पसरट होतात, थांबतात. मॅडमनी मला आत बोलावून तेच सांगितलं, "त्या म्हाताऱ्या व्हायच्या आत वापर. नाहीतर फुकट जातील." दुसरी नाळ हाताशी नव्हती. माझं वर्ष वाया चाललं होतं. वहिनींना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, आणि मला नकार नको होता. बाकीची कारणं मी नंतर जुळवली.

एका बुधवारी मी फ्लास्क घेऊन सांगलीला गेले. एका दवाखान्यातलं किरणांचं मशीन पेशंट संपल्यावर आम्हाला थोडा वेळ वापरू देत. अर्धे फ्लास्क टेबलावर ठेवायचे, अर्धे बाहेर पिशवीतच. प्रवास दोघांना सारखा घडला पाहिजे, फरक फक्त किरणांचा. ज्या टेबलावर माणसं छाती उघडी टाकून झोपतात, तिथे ते बोटभर उंचीचे फ्लास्क मांडले. मशीन काही मिनिटं गुरगुरलं. बाहेर आणून बघितलं तर सगळे फ्लास्क सारखेच. किरणांचं हेच वाईट आहे, त्या दिवशी काही दिसत नाही.

आठ दिवसांनी पेशी रंगवल्या. साखरेला धरणारं एक प्रथिन असतं, त्याला चकाकणारा हिरवा रंग जोडलेला असतो. साखळ्यांची वरची टोकं गेली की आतली साखर उघडी पडते आणि हा रंग तिलाच जास्त धरतो. म्हणजे जिथे चकाकी जास्त, तिथे नासधूस जास्त. आणि रंगवायच्या आधी पेशी माराव्या लागतात, नाहीतर त्या जागच्या हलतात.

तो दिवस गुरुवारचा होता. वहिनी आल्या. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपवर दोन काचपट्ट्या तयारच होत्या, आणि मला त्यांना नाही म्हणता येईना. पहिली फिकट होती. दुसरी बघताना त्या खाली वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. हिरवा उजेड त्यांच्या गालावर पडला होता. "वन्सं, ही लय तेजाळ हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "म्हंजे बरी हाय न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

कँटीनमध्ये आम्ही चहा प्यायलो. वहिनींनी वडापाव खाल्ला, वर दुसरा चहा मागितला. एसटीत चढताना त्या हसल्या. त्या संध्याकाळी मी खुशीत होते. वहिनींमुळे नव्हे, निकाल पहिल्याच फटक्यात स्वच्छ आला म्हणून. इतकी वर्षं ज्याच्या मागे होते ते डोळ्यांनी दिसलं होतं. मी मॅडमना मिठी मारली. त्या आनंदाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

उरलेले फ्लास्क नियमाप्रमाणे ब्लीचमध्ये ओतले. पुढच्या गुरुवारी वहिनी येणार होत्या. पलूसच्या एका बाईने नाळ दिली होती, तिच्या पेशी नुकत्याच लागल्या होत्या. मी तो फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला. वहिनींनी बघितलं आणि म्हणाल्या, "वाढलीया." असे तीन गुरुवार गेले. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मी रेटलं.

चौथ्या गुरुवारी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. पिशवीतून डबा काढला, त्यात घुगऱ्या होत्या. आमच्याकडे बारशाला वाटतात. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "बारसं ऱ्हायलंय वन्सं. नाव आत्यानं ठिवायचं आसतं. म्या ठरवून ठिवलंय, तुमी नुसतं तिच्या कानात म्हणा." मग फ्लास्ककडे बघून जराशा ओशाळल्या. "कान न्हाईत. पर ऐकंल." आणि त्यांनी मला ते नाव सांगितलं. तोवर ते त्यांनी कुणाला, भावालासुद्धा, सांगितलेलं नव्हतं.

फ्लास्क माझ्या हातात होता. इतकं खोटं बोलून झालं होतं, अजून एक शब्द उच्चारायला जिभेला काय झालं असतं. पण ते नाव पलूसच्या त्या बाईच्या लेकराला लागलं असतं, आणि ते लेकरू धडधाकट होतं, आपल्या पाळण्यात होतं. आमच्या मुलीला नाव राहिलंच नसतं. मी फ्लास्क खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं, त्याचाही मला नंतर राग आला. रडायचा हक्क माझा नव्हता.

वहिनी रडल्या नाहीत. "कंच्या वारी?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी." कुठल्या बुधवारी तेही सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं.

"आन ती हिरवी दिसली तवा?"

"तवा मेलेली होती. रंगवायच्या आधी मारावं लागतं."

"जादा चमकत हुती ती?"

"तिला किरणं दिली होती."

त्यांनी डब्याचं झाकण उचललं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी मला चा पाजला." झाकण लावलं, पिशवी उचलली आणि गेल्या. मी मागोमाग स्टँडवर गेले. त्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि पलीकडच्या फलाटावर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर पाच महिने त्यांनी मला हाक मारली नाही. मी घरी गेले की ताट यायचं, पण बोलणं आईमार्फत. "त्यास्नी भाजी पायजे का इचारा." आई वैतागून विचारायची, तुमचं काय बिनसलंय. दरम्यान एका परिसंवादात तो हिरवा फोटो भिंतीएवढा मोठा करून लावला होता. लोक थांबून बघायचे, सुंदर म्हणायचे. मी शेजारी उभी राहून साखळ्यांची टोकं कशी झडतात ते समजावत होते.

उसाला तोड आली होती तेव्हा त्यांचा फोन आला. कशा आहात नाही, काही नाही. "त्या कागदावर लिवलेलं हुतं, परत मागता येतंय म्हणून. तिसऱ्या पानावर. उरलंय का काय?"

उरलं होतं. प्रत्येक नाळेच्या पेशींतली एक कुपी आम्ही सुरुवातीलाच, काहीही करायच्या आधी, अतिथंड टाकीत गोठवून ठेवतो. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. कधीतरी प्रयोग पुन्हा करावा लागला तर हवी, म्हणून मी तिच्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आता सांगितलं. वर म्हणाले, "वैनी, मी त्या उठवते. परत वाढवते."

"किती दिस जगंल?"

"पंधरा. लय तर वीस."

"आन मग?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परत मराय उठवायचं व्हय तिला? नगं. घिऊन या."

टाकीतून काही बाहेर काढायचं तर रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "कुटुंबाने परत मागितले." मॅडमनी ते वाचलं, सही केली आणि कोरड्या बर्फासाठी स्वतःचा थर्मास दिला.

मळ्यात आमच्या तुकड्यातला ऊस तुटून गेला होता. जमिनीवर नुसतं पाचट पसरलेलं. वहिनी लेकीला पुरलेल्या बांधावर एकट्याच उभ्या होत्या. मी चिमट्याने कुपी काढली. करंगळीच्या पेराएवढी, वर पांढरा बर्फ धरलेला. "उघडा हात लावू नका, चटका बसंल," मी म्हणाले. त्यांनी ती पदरात घेतली.

"हिला किरणं लागली न्हाईत न्हवं?"

"न्हाईत."

"माज्या गळ्याची आन?"

"तुमच्या गळ्याची आन, वैनी. हिला कायबी केलेलं न्हाई."

"जिती हाय?"

या वेळी मला नेमकं सांगायचं होतं. म्हणाले, आत्ता ती मेलेलीही नाही आणि जगतही नाही, गोठून थांबलेली आहे. ऊब मिळाली की जागी होईल. तिकडे आम्ही सदतीस डिग्रीच्या पाण्यात धरतो.

"मुठीत धरलं तर?"

"मुठीत तेवढंच ऊन आसतं."

बर्फाचा थर पदरात विरघळू दिला, मग वहिनींनी कुपी उजव्या तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. त्यांच्या मनगटावरून पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत आला, तो त्यांनी पुसला नाही. पलीकडच्या रानात ट्रॅक्टर ऊस भरून निघाला होता.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता जिती हाय."

"किती येळ?"

"लय न्हाई. थोडा येळ."

त्यांनी मूठ माझ्या तोंडापाशी आणली. "म्हणा."

त्यांनी घाई केली नाही, मूठ तशीच धरून ठेवली. मग मी वाकले, बारशाला करतात तसं कुर्र केलं आणि ते नाव म्हटलं. इथे ते लिहिणार नाही. ते सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

"आता तुमी जावा," वहिनी म्हणाल्या. "मी हाय तिच्यापाशी."

मी रिकामा थर्मास घेऊन बांधाने निघाले. विहिरीपाशी वळून पाहिलं, तर त्या खाली बसल्या होत्या आणि मूठ पदराखाली घेतली होती.